नोकरी सोडून स्वतःचा धंदा: करारातली कोणती अट खरंच आडवी येते?

हिंजवडी-खराडीतली नोकरी सोडून स्वतःची फर्म काढायची म्हटलं की अपॉइंटमेंट लेटरमधल्या दोन अटी झोप उडवतात. एक, वर्षभर याच क्षेत्रात काम करायचं नाही. दुसरी, कंपनीचे क्लायंट आणि माणसं फोडायची नाहीत.

पहिलीला फार घाबरू नका. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 नुसार धंद्याला आडकाठी करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. नोकरीत असतानाची गोष्ट वेगळी. कल्याणच्या टायर कॉर्ड कारखान्यातल्या शिफ्ट सुपरवायझरने पाच वर्षांचा करार अर्ध्यावर सोडला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये उरलेल्या मुदतीत दुसरीकडे तसलंच काम न करण्याचं बंधन मान्य केलं. हाच तो गोलिकरी खटला. थोडक्यात, पगार घेत असताना समांतर दुकान थाटू नका. कंपनी कधी नोंदली आणि संचालक कोण, हे सरकारी पोर्टलवर कुणालाही दिसतं. नोटीस पिरियडमधली तारीख समोरच्या वकिलाला आयतीच मिळते.

दुसरी अट जास्त जपून घ्यायची. तिच्यावर निकालही एका सुराचे नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये डेसिकंट रोटर्स प्रकरणात कर्मचाऱ्याला प्रतिस्पर्ध्याकडे काम करू दिलं, पण जुन्या ग्राहकांकडे धंदा मागायला जाण्याची मनाई कायम ठेवली. याच न्यायालयाने 2006 मध्ये अमेरिकन एक्स्प्रेसच्या प्रकरणात मात्र ग्राहकांची नावं-नंबर म्हणजे काही व्यापारी गुपित नव्हे, असा कल दाखवला होता. क्लायंट आपणहून आला तर त्याला दारातून परत पाठवायला कायदा सांगत नाही. भांडण होतं ते पहिला फोन कुणी केला यावर.

माणसांबाबत विप्रो-बेकमन प्रकरण (2006) वाचण्यासारखं आहे. करार दोन कंपन्यांमधला होता, तरी वर्तमानपत्रातली नोकरीची जाहिरातसुद्धा समोरच्याची माणसं ओढण्याचा प्रकार धरली गेली. 'आम्ही कुणाला बोलावलंच नव्हतं' ही सबब मग चालत नाही.

माझं मत विचाराल तर रिलीव्हिंग लेटर हातात आल्यावरच फर्म नोंदवा, भले दोन महिने उशीर होवो. क्लायंटची एक्सेल शीट स्वतःच्या जीमेलवर पाठवायचा मोह तर अजिबात नको. अटी कितीही कच्च्या असल्या तरी हा एक मेल विश्वासभंगाचा सरळ पुरावा होतो. क्लायंटने आपणहून केलेला पहिला मेल मात्र डिलीट करू नका.