वीस रुपयांच्या प्लगपायी नवीन युनिट? आयसोलेटेड आरएस-४८५ कन्व्हर्टर, आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या कन्व्हर्टरचा वायर लावायचा प्लग बिघडला, त्यावर कंपनीकडून आलेलं शेवटचं उत्तर असं: "सर, प्लग सुटा मिळत नाही, युनिटसोबतच येतो. नवीन ऑर्डर टाका." म्हणजे वीस-पंचवीस रुपयांच्या हिरव्या प्लास्टिकपायी मी पुन्हा साडेतीन हजार मोजायचे, तेही कन्व्हर्टर ठणठणीत चालू असताना. वॉरंटीत आहे म्हटलं तर म्हणे ॲक्सेसरी वॉरंटीत येत नाही. प्लग ही ॲक्सेसरी? मग वायर काय हाताने धरून बसायचं?

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. यूएसबीवर चालणारा आरएस-४८५/४२२ कन्व्हर्टर, म्हणजे मशीनमधल्या डेटाच्या वायरी लॅपटॉपला जोडणारा डबा; आयसोलेटेड, म्हणजे दोन्हींत थेट विजेचा संबंध नसलेला; आत एफटीडीआय कंपनीची चिप, तोंडाला पाच पिनांचा काढता-घालता येणारा प्लग, वर टीएक्स (पाठवणं) आणि आरएक्स (घेणं) असे दोन दिवे. या धंद्यातल्या माणसाला एवढं वर्णन पुरे.

माझं काम भोसरी-चाकण पट्ट्यात, जुन्या मशीनच्या सर्व्हिसचं. पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक) आणि ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारा), पीएलसी आणि टेंपरेचर कंट्रोलर, पीएलसी आणि एनर्जी मीटर यांचं आपापसातलं बोलणं तुटलं की फोन येतो. नवीन लायनी इथरनेटवर गेल्या हे खरं, पण मॉडिकॉन कंपनीने १९७९ साली काढलेलं मॉडबस (यंत्रांच्या आपसातल्या बोलण्याचे नियम) आजही इथल्या शेडमध्ये दोन वायरींवरून धावतंय आणि मालकाला ते बदलायची काही घाई नाही. चालतंय तोवर चालू दे.

आधी माझ्याकडे पावणेदोनशे रुपयांचं निळं डोंगल होतं, आत सीएच३४० चिप. त्यावर बरीच वर्षं भागवलं. त्याची खोड एवढीच की दरवेळी वेगळ्या यूएसबी खाचेत घातलं की विंडोज नवीन कॉम नंबर (पोर्टचा क्रमांक) देतं. आज कॉम ५, उद्या कॉम ११. जुन्या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरला मोठे नंबर दिसतच नाहीत, मग डिव्हाइस मॅनेजर उघडा, जुने पोर्ट पुसा, नंबर खाली ओढा. मागे शिफ्ट इनचार्ज उभा असतो आणि दर दोन मिनिटांनी "किती वेळ?" विचारत असतो. या नव्या कन्व्हर्टरच्या चिपमध्ये सिरियल नंबर भरलेला आहे, त्यामुळे लॅपटॉपच्या कुठल्याही खाचेत घाला, कॉम नंबर तोच राहतो. जाहिरातीत याचा उल्लेखही नाही. माझ्या मते ही या वस्तूची सगळ्यात मोठी सोय.

आयसोलेशनबद्दल माझं मत सुरुवातीला असं होतं की हा ब्रोशरवर लिहायला एक मुद्दा, बाकी काही नाही. पहिले दोन-तीन महिने तसंच वाटत राहिलं. उलट एक त्रासच जाणवला: पोलिंग टूल (यंत्राला पुन्हापुन्हा विचारून आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) लावलं की निळ्या डोंगलपेक्षा हा सुस्त. ९६०० वेगाला आठ बाइटची विचारणा आठ-साडेआठ मिलिसेकंदांत जाते, एका रजिस्टरचं (आकडा ठेवायच्या एका जागेचं) सात बाइटचं उत्तर त्याहून थोड्या कमी वेळात येतं, तरी स्क्रीनवर आकडा रेंगाळत यायचा आणि टाइम-आउट थोडा कमी ठेवला की एरर. कारण निघालं ड्रायव्हरमध्ये. एफटीडीआयच्या पोर्टला लेटन्सी टायमर असतो, तो मुळात १६ मिलिसेकंदांवर असतो; थोडेसेच बाइट आले तर चिप तेवढा वेळ वाट बघून मग लॅपटॉपला देते. पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन तो १ केला आणि सुस्ती गेली. त्याच खिडकीशेजारी यूएसबीची वीज वाचवण्याची टिचकी असते, तीही काढा. हे कंपनीने पेटीतल्या कागदावर दोन ओळींत छापायला काय हरकत होती? पेटीत कागद आहे, त्यावर "थँक यू फॉर युवर पर्चेस" आहे.

आयसोलेशनचं मत बदललं ते एका कापड प्रोसेसिंगच्या कारखान्यात. पीएलसी मुख्य पॅनेलमध्ये, टेंपरेचर कंट्रोलर लांबच्या फील्ड पॅनेलमध्ये, दोघांचा सप्लाय वेगवेगळ्या डीबीवरून (वीज वाटणाऱ्या बॉक्सवरून). तक्रार अशी की दिवसातून कधीही कंट्रोलरचं रीडिंग एचएमआयवर (मशीनच्या स्क्रीनवर) गोठतं, मग आपोआप सुरू होतं. निळं डोंगल लावून बसलो तर मोठा ब्लोअर सुरू झाला की लॅपटॉपमधून यूएसबी निघाल्याचा आवाज, पोर्ट गायब. म्हणजे ज्या क्षणी बिघाड होतो त्याच क्षणी बघणारा डोळा मिटतो. मग हा कन्व्हर्टर काढला. ब्लोअर सुरू झाला, पोर्ट जागेवर, आणि स्क्रीनवर स्वच्छ दिसलं की पीएलसी विचारतोय, ३ नंबरचा कंट्रोलर उत्तर देतोय, पण उत्तराचे बाइट तुटके आणि सीआरसी (चूक पकडायचा शेवटचा पडताळा-आकडा) जुळत नाही. आता शोधायचं काय ते कळलं. दोन पॅनेलच्या अर्थिंगमध्ये मल्टीमीटर लावला तर ब्लोअर चालू असताना ११ व्होल्ट एसी. शिखर धरलं तर १५च्या पुढे. आरएस-४८५चा रिसीव्हर कॉमनच्या (शून्य धरलेल्या वायरीच्या) मानाने उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट एवढंच सोसतो. मग बोलणं तुटणार नाही तर काय! तिथे ए आणि बी या डेटाच्या दोनच वायरी ओढल्या होत्या, कॉमनची तिसरी वायर कोणी टाकलीच नव्हती. शिल्ड (केबलवरची जाळी) मात्र हौसेने दोन्ही टोकांना अर्थ केलेली. अर्थिंगचं काम त्यांच्या इलेक्ट्रिशियनने केलं, तिसरी वायर मी ओढली, शिल्ड एका टोकाला सोडली. त्यानंतर रीडिंग गोठणं थांबलं.

कन्व्हर्टरने लाइन दुरुस्त केली नाही, हे लक्षात घ्या. आयसोलेशनने लॅपटॉप वाचला आणि बिघाड डोळ्यांसमोर घडला, बस. पण सर्व्हिसवाल्याला दुसरं काय हवं असतं? आणि एक: आयसोलेटेड आहे म्हणून याच्या जी (कॉमन) पिनेला वायर लावायची गरज नाही असं समजू नका. तरंगत ठेवलात तर हाही मधूनच बरळतो.

दोन दिव्यांबद्दल. लोक त्याला शोभेचे समजतात. आपण मास्टर होऊन विचारणा करतोय आणि टीएक्स लुकलुकतो, आरएक्स मेलेला: मग वायर, ए-बीची अदलाबदल, स्टेशन नंबर किंवा वेग-पॅरिटी (बाइटसोबतचा तपासणीचा बिट) यांपैकी काहीतरी. आरएक्सही लुकलुकला आणि उत्तरात ०१ (स्टेशन नंबर) नंतर ८३ (नकार) आणि ०२ (पत्ता चुकीचा) आलं, तर आनंद माना, कारण वायर बरोबर, वेग बरोबर, पॅरिटी बरोबर. फक्त तुम्ही मागितलेलं रजिस्टर तिथे नाही. बहुतेक वेळा ४०००१ लिहायचं की ० हा एकाचा फरक असतो. लोक हा ०२ बघून वायरिंग उपटायला घेतात! आणि चालू लाइनवर नुसतं ऐकायला बसलात, आरएक्स लुकलुकतोय पण स्क्रीनवर कचरा, तर वेग किंवा पॅरिटी तपासा. त्या कचऱ्यात मधूनमधून ३ए म्हणजे विसर्गासारखी दोन टिंबं दिसली तर समजा लाइन आस्कीवर, म्हणजे मॉडबसच्या अक्षरांत लिहायच्या प्रकारावर, आहे. डेल्टाच्या डीव्हीपी पीएलसीचा पोर्ट मुळात ९६००, ७, ई, १ (वेग, डेटा बिट, इव्हन पॅरिटी, स्टॉप बिट) आणि आस्कीवर येतो. पीएलसी बदलला, प्रोग्राम कोणाच्या तरी जुन्या बॅकअपमधून टाकला, त्यात ही सेटिंग बदलणारी, म्हणजे डी११२०मध्ये एच८१ भरणारी आणि एम११४३ चालू करणारी ओळच नाही, की ८, एन (पॅरिटी नाही), १ आरटीयूवर (मॉडबसच्या बायनरी प्रकारावर) बसलेले ड्राइव्ह सगळे मुके. मालकाला वाटतं नवीन पीएलसीही खराब निघाला.

पीएलसीवर संशय घेणं ही तर रीतच. एका पॅकिंग लायनीवर नवीन कन्व्हेयरचा ड्राइव्ह वाढवला आणि तेव्हापासून कुठलाही ड्राइव्ह कधीही कॉम एरर द्यायला लागला. मी पोचलो तोवर पीएलसीचं कम्युनिकेशन कार्ड बदलून झालं होतं. "आता सीपीयू मागवतोय," मेंटेनन्सचे साहेब म्हणाले. म्हटलं, जरा थांबा, सप्लाय बंद करा. ए आणि बीमध्ये ओहम मोजला: ४०. दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर, म्हणजे ६० यायला हवा. ४० म्हणजे कुठेतरी तिसरा बसलाय. नवीन ड्राइव्हचं झाकण काढलं, टर्मिनेशनची (टोकाचा रेझिस्टर जोडणारी) डिप स्विच वर, म्हणजे चालू. तो ड्राइव्ह लायनीच्या मधोमध. स्विच खाली केली, ६० आला, कन्व्हर्टर लावून एरर काउंटर बघत बसलो, आकडा हलला नाही. मागवलेला सीपीयू त्यांनी स्पेअर म्हणून ठेवून घेतला असं कळलं. छान आहे, पैसे त्यांचे.

याच संदर्भात या कन्व्हर्टरची खरी गोची सांगून टाकतो: याच्याही आत १२० ओहमचा रेझिस्टर जोडणारा जंपर (छोटी जोडपट्टी) आहे आणि तो कारखान्यातून लावलेलाच येतो. मधल्या ड्राइव्हवर कन्व्हर्टर चिकटवला की आपणच तिसरे. उघडून काढून ठेवा. आणि ए-बीची छपाई: मूळ मानकात विश्रांतीच्या वेळी ए ही उणे बाजू, बाजारातल्या बहुतेक चिपांवर ए म्हणजे अधिक. यावर ए अधिक आहे. शंका आली तर लाइन मोकळी असताना मीटर लावा. २०० मिलिव्होल्टच्या वर ज्या बाजूला अधिक दिसेल ती तुमची ए. तेवढेही मिलिव्होल्ट नसतील तर बायसिंगच (मोकळ्या लाइनला ठरावीक व्होल्टेजवर धरणारी जोडणी) नाही, मग अक्षरांवरून भांडण्यात अर्थ नाही.

आता प्लग.

हा प्लग ३.८१ मिलिमीटर पिचचा आहे, म्हणजे शेजारच्या दोन पिनांतलं अंतर तेवढं. आपल्याकडे पॅनेलमध्ये जो सर्रास असतो तो ५.०८चा, वायरमनच्या डब्यात त्याचे ढीग असतात. याचे स्क्रू इतके बारीक की टेस्टर आत शिरत नाही, घड्याळजीचा पेचकस लागतो. पाऊण चौरस मिलिमीटरची वायर फेरूल (टोकाची धातूची टोपी) लावली की जेमतेम जाते, एका भोकात दोन वायरी तर विसराच. माझ्या प्लगच्या बीच्या खाचेतला स्क्रू आटे सोडून फिरायला लागला, वायर हलली की आरएक्स बंद. कम्युनिकेशन बिघाड शोधणाऱ्या यंत्राचंच कम्युनिकेशन तुटायला लागलं. इथून कंपनीशी पत्रव्यवहार सुरू झाला. आधी फोटो मागितला, मग बिल, मग व्हिडिओ, मग बिलाचा स्पष्ट फोटो, आणि शेवटी ते उत्तर.

गुरुवारच्या सुट्टीत पुण्याच्या बुधवार पेठेत तापकीर गल्ली (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) पालथी घातली. पहिल्या दुकानदाराने बघताक्षणी "आहे ना" म्हणून एक प्लग दिला. घरी आणून लावतो तर पहिली पिन जाते, शेवटची जात नाही. तो ३.५चा निघाला. दोघे शेजारी ठेवले तर डोळ्यांना सारखेच. पण पाच पिनांत चार मोकळ्या जागा, प्रत्येकी ०.३१चा फरक, शेवटच्या पिनेपर्यंत सव्वा मिलिमीटर चुकतं. दोन पिनांचा असता तर बळेच बसलाही असता. पुढच्या खेपेला व्हर्निअर खिशात घालून गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, प्लग घेताय का सोनं?" ३.८१चा मिळाला, पण तो सुटा देईना, दहाचं पाकीट घ्या म्हणाला. घेतलं. दहाही प्लग मिळून कंपनीच्या कुरिअर खर्चापेक्षा कमी पडले. हे कंपनीला कळवलं तर उत्तर आलं, "बाहेरचा कनेक्टर वापरल्यास वॉरंटी लागू राहणार नाही." आधी म्हणे प्लग वॉरंटीत येत नाही, आता प्लगमुळे वॉरंटी जाते!

घ्यावा का? आरएस-४८५च्या लायनींवर रोज उठबस असेल तर हो, जरूर. कॉम नंबर स्थिर, पोर्ट टिकतो, दिवे कामाचे. फक्त विकत घेतानाच सोबत दोन जादा प्लग मागा, नाही म्हणाले तर ३.८१, पाच पिनी, असं चिठ्ठीवर लिहून गल्लीत जा. पाचपैकी साडेतीन देतो. जंपरसाठी अर्धा कापला, प्लगसाठी एक. ज्यांच्या लायनी पूर्ण इथरनेटवर आहेत त्यांना याचा काडीचा उपयोग नाही. त्यांनी आधी दोन पीएलसींना एकच आयपी दिलाय का ते बघावं, सिमेन्सच्या एस७-१२०० पीएलसीला तर त्याचं प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर मुळात १९२.१६८.०.१ हाच पत्ता सुचवतं.

निळं डोंगल बॅगेत अजून आहे. टेबलावर एखादा मीटर सेट करायचा असेल तर तेच काढतो. कशाला महागाचा झिजवा.