पिशवीचा बायोगॅस : चार म्हशींच्या गोठ्याला परवडतो का?

विटांचा गोबरगॅस बांधायला कसबी गवंडी लागतो. घुमटाला केसाएवढी चीर राहिली तरी गॅस उडून जातो, आणि मग त्याच टाकीत पावसाचं पाणी साठतं. पिशवीच्या बायोगॅसनं ही अडचण मिटवली. जाड, शिवण नसल्यासारखी जोडलेली प्लास्टिकची लांबट पिशवी खड्ड्यात अंथरायची, एका तोंडानं शेणकाला आत, दुसऱ्या तोंडानं स्लरी, म्हणजे गॅस निघून गेलेला पातळ काला, बाहेर. मेक्सिकोत २०१० मध्ये सुरू झालेल्या 'सिस्टिमा बायो'सारख्या सामाजिक उद्योगांनी हे संच भारतात आणले. गोकुळ दूध संघाच्या योजनेतून ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या दूध उत्पादक महिलांच्या परड्यात पोहोचले. इथे परीक्षण या प्रकारच्या संचाचं आहे, कुठल्या एका कंपनीचं नाही.

आधी शेणाचा हिशेब. एक किलो ताज्या शेणातून साधारण ४० लिटर गॅस होतो. म्हणजे दिवसाला दोन घनमीटर गॅस देणाऱ्या संचाला रोज ५० किलो शेण आणि ५० लिटर पाणी. बांधीव म्हैस दिवसाला १२ ते १५ किलो शेण देते, म्हणून चार म्हशी धरायच्या. जनावर दिवसभर माळाला चरत असेल तर निम्मं शेण तिकडंच पडतं, हे विक्रीला आलेला माणूस बहुधा सांगत नाही. दोन घनमीटर गॅसवर एक शेगडी चार तास चालते. सकाळ-संध्याकाळच्या भाकरी, आमटी, भात आणि चहा एवढ्यात बसतो. एक घनमीटर म्हणजे सुमारे ४३० ग्रॅम एलपीजी. पूर्ण गॅस मिळाला तर साधारण सोळा-सतरा दिवसांत १४.२ किलोची एक टाकी वाचते. थंडीत रात्री पारा पंधराच्या खाली गेला की गॅस स्पष्ट घटतो. तेव्हा कालवायला ऊन लागलेल्या टाकीतलं पाणी घ्यावं, विहिरीचं गार पाणी थेट ओतू नये.

कालवण्यावर सगळं अवलंबून आहे. वैरणीच्या काड्या, चिपाडं, माती हातानं काढून टाकायची आणि गुठळी राहू द्यायची नाही. काड्या वर तरंगून जाड साय धरतात, माती तळाशी बसते. दोन्हींनी पिशवीची जागा खाल्ली जाते, आणि पिशवी उघडून साफ करता येत नाही. गोठा फिनेलनं धुतलेलं पाणी आत गेलं की जिवाणू मरतात. कासदाहासाठी अँटिबायोटिक दिलेल्या म्हशीचं शेणही उपचार संपून काही दिवस जाईपर्यंत बाजूला उकिरड्यावर टाकावं. लोक नेमके इथेच चुकतात आणि दोष यंत्राला देतात.

पहिली भरणी झाली की दोन-तीन आठवडे थांबावं लागतं. सुरुवातीचा गॅस पेटत नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइड आणि हवा जास्त असते. तो मोकळ्यावर सोडून द्यायचा. पाइपच्या तोंडाशी काडी लावून बघू नये, चाचणी शेगडीवरच.

पिशवीत गॅसचा दाब कमी असतो. त्यामुळे शेगडी लांब असेल तर ज्योत मरगळते, पिशवीवरचे पट्टे आवळून दाब वाढवावा लागतो. ज्योत धापा टाकत असेल तर पाइपमध्ये पाणी साचलंय. पाइपला कुठेही पोट येऊ न देता पाणी-सापळ्याकडे, म्हणजे पाइपमधलं पाणी जिथे गोळा होतं तिकडे, उतार द्यावा आणि सापळा नियमित रिकामा करावा. स्वयंपाकघरात कुजक्या अंड्याचा वास आला तर गॅसमधला गंधक अडवणारी गाळणी संपली. लोखंडी गोळ्यांची गाळणी असेल तर काळ्या पडलेल्या गोळ्या सावलीत पसरल्या की पुन्हा तांबूस होतात आणि आणखी एक-दोनदा चालतात. हवेत त्या तापतात, म्हणून पाचटाजवळ ठेवू नयेत.

आता कोल्हापूरचा खरा प्रश्न: पाणी. खड्ड्यात पावसाचं पाणी भरलं की गॅसनं फुगलेली पिशवी वर उचलली जाते आणि दोन्ही तोंडांचे सांधे ताणतात. गगनबावडा, राधानगरीच्या पावसात खड्ड्याभोवती बांध आणि बाहेर काढणारी चर हवीच, वर छप्परही. प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळच्या पट्ट्यात २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी जिथवर चढलं, त्या रेषेच्या खाली संच बसवूच नये. घुशींसाठी कडेला बारीक जाळी, म्हशींच्या शिंगांसाठी कुंपण.

स्लरी मात्र लाखमोलाची. उघड्या उकिरड्यात उडून जाणारं बरंचसं नत्र तिच्यात टिकतं, तणांचं बी बहुतांशी मरतं. उसाच्या सरीत पाण्याबरोबर सोडावी किंवा पाचटावर ओतून कुजवावी. बाहेर दोन खड्डे ठेवावेत, एक भरेपर्यंत दुसरा वापरात. रोज १०० लिटर कुठे जाणार, हे आधी ठरवलं नाही तर परड्यात चिखल होतो आणि शेजाऱ्यांशी वाद.

किंमत कमी दिसते त्यामागे बऱ्याचदा कार्बन क्रेडिट, म्हणजे प्रदूषण कमी केल्याचं विकता येणारं प्रमाणपत्र, असतं: वाचलेला लाकूडफाटा आणि न सुटलेला मिथेन यांचा हिशेब कंपनी विकते. हे चांगलंच आहे, पण सही करण्याआधी करारात तीन गोष्टी बघा: क्रेडिटचा हक्क किती वर्षांसाठी दिला, पिशवीची हमी घूस आणि पुराला लागू आहे का, आणि पिशवीला भोक पडलं तर ठिगळ मारणारा माणूस किती दिवसांत दारात येणार.