एलएचसी ॲट होम : घरच्या संगणकात सर्नचे व्हर्च्युअल मशीन

जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी संशोधन संस्थेने २००४ मध्ये 'एलएचसी ॲट होम' हा स्वयंसेवी प्रकल्प सुरू केला (एलएचसी हा तिचा कणांच्या टकरी घडवणारा त्वरक, आणि त्याची गणिते लोकांनी देऊ केलेल्या घरच्या संगणकांवर करायची, ही कल्पना), तेव्हा त्यात सिक्सट्रॅक नावाचा एकच प्रोग्राम होता. त्वरकाच्या कड्यात फिरणाऱ्या कणांचा मार्ग स्थिर राहील की नाही, एवढेच तो तपासत असे, आणि लहान असल्यामुळे तो विंडोजवर किंवा लिनक्सवर थेट चालत असे. प्रयोगांचे खरे सॉफ्टवेअर मात्र अनेक गिगाबाइटचे, एका ठरावीक लिनक्सवर बांधलेले आणि सतत बदलणारे असल्यामुळे ते घरोघरच्या संगणकांवर बसवणे अशक्य होते. २०११ मध्ये 'टेस्टफॉरथिअरी' या उपक्रमाने व्हर्च्युअल बॉक्सच्या, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, साहाय्याने ही अडचण सोडवली. आज या प्रकल्पातील थिअरीची आणि ॲटलास व सीएमएस या एलएचसीवरील दोन प्रयोगांची कामे त्याच पद्धतीने चालू शकतात. विंडोज असलेल्या, सोळा गिगाबाइट रॅमच्या मुंबईतील एका घरगुती संगणकावर ही व्यवस्था कितपत सोयीची ठरते, ते येथे पाहू.

मुळातली कल्पना ग्रिडच्या, म्हणजे दूरदूरचे संगणक जोडून त्यांवर एकत्र काम चालवण्याच्या, जगात नवी नाही. परक्या संगणकावर काम चालवायचे असेल, तर तेथे खाते मागण्यापेक्षा संपूर्ण व्हर्च्युअल मशीनच तेथे न्यावे, असा विचार फिगेरेदो, दिंडा आणि फोर्तेस या संशोधकांनी २००३ मध्ये मांडला होता. भाडेकरूने आपली चूल-भांडी घेऊन यावे आणि जाताना घेऊन जावे, तसा हा प्रकार आहे. पाहुण्या प्रोग्रामला त्याचे नेमके लिनक्स मिळते, आणि यजमानाच्या विंडोजमधील फाइलींशी त्याचा संबंध येत नाही. ज्या संगणकावर घरातील बँकेचे व्यवहार आणि मुलांचा अभ्यास होतो, त्यावर परक्याचे काम चालवताना हा दुसरा लाभ मला पहिल्याहून मोलाचा वाटतो.

कामांचे वाटप बॉइंक हा प्रोग्राम करतो. बर्कली येथे विकसित झालेले हे व्यासपीठ व्हर्च्युअल बॉक्सला पडद्याआड सुरू करते, थांबवते आणि निकाल परत पाठवते. खरी कलाकुसर सर्नव्हीएममध्ये आहे. या व्हर्च्युअल मशीनची प्रतिमा (त्याच्या डिस्कची फाइल) मुद्दाम लहान ठेवलेली असते. प्रयोगाचे सॉफ्टवेअर तिच्यात भरलेले नसते, तर सीव्हीएमएफएस नावाच्या फाइल-व्यवस्थेतून, जी फाइल लागेल तेवढीच, साध्या एचटीटीपीवरून आणली जाते आणि जवळ साठवून ठेवली जाते. प्रत्येक फाइलची ओळख तिच्या मजकुरावरून काढलेल्या हॅशने, म्हणजे बोटाच्या ठशासारख्या छोट्या खुणेने, पटवली जात असल्यामुळे वाटेत बिघडलेली फाइल लगेच लक्षात येते. सर्नने सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती काढली, तरी घरी नवे काही बसवावे लागत नाही. हा या व्यवस्थेचा सर्वांत प्रशंसनीय भाग आहे.

अडचणी सुरुवातीलाच येतात. प्रोसेसरमधील व्हर्च्युअलायझेशनची सोय काही मदरबोर्डांवर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगांमध्ये) बंद असते आणि ती चालू केल्याशिवाय ही कामे चालत नाहीत. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घेऊन जुळवलेल्या संगणकात हे आधी तपासावे. दुसरी अडचण अधिक छुपी आहे. विंडोजमध्ये हायपर-व्ही (विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची व्यवस्था) किंवा त्यावर आधारलेली मेमरी-सुरक्षेची सोय चालू असेल, तर व्हर्च्युअल बॉक्सला तिच्यावरून काम करावे लागते आणि वेग घटतो. अशा वेळी मशीनच्या खिडकीच्या तळाशी कासवाचे चिन्ह दिसते, जे पुरेसे प्रामाणिक म्हणावे लागेल.

कामाची निवड रॅम पाहून करावी. कणांच्या टकरींचे सैद्धांतिक अनुकरण करणाऱ्या थिअरीच्या कामांना कमी रॅम लागते आणि ती बहुधा निमूटपणे पार पडतात, मात्र शेर्पा या प्रोग्रामची काही कामे फार लांबतात. ॲटलासची कामे अनेक गिगाबाइट रॅम अडवून ठेवतात आणि येता-जाता शेकडो मेगाबाइटची देवाणघेवाण करतात. सीएमएसचे मशीन कामे मागण्यासाठी सर्व्हरशी सतत संपर्क ठेवते, त्यामुळे संगणक मध्येच बराच वेळ बंद ठेवल्यास झालेले काम वाया जाऊ शकते. आठ गिगाबाइटच्या लॅपटॉपवर यांपैकी थिअरीपलीकडे काही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विजेचा हिशेबही टाळता येत नाही. या कामांमुळे संगणक ६० वॅट अधिक ओढत असेल आणि तो अहोरात्र चालू असेल, तर ३० दिवसांत सुमारे ४३ युनिटांची भर पडते. आपल्याकडे वापराच्या टप्प्यांनुसार दर चढत असल्यामुळे ही भर बिलात आपण गाठलेल्या सर्वांत वरच्या टप्प्याच्या दराने दिसते. एप्रिल-मेच्या उकाड्यात तो भार संगणकाच्या पंख्यावरही येतो. बॉइंकमध्ये प्रोसेसरचे निम्मेच गाभे (कोअर) वापरावेत आणि काम रात्रीच चालावे असे ठरवता येते, आणि मुंबईकराने ते ठरवावेच.

हे काम म्हणजे एलएचसीची मुख्य ग्रिड नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. ती ४० हून अधिक देशांतील सुमारे १७० केंद्रांवर चालते आणि त्यांत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सीएमएस प्रयोगाचे केंद्रही आहे. घरच्या संगणकांकडे येते ते प्रामुख्याने अनुकरणाचे काम, कारण त्याचे निकाल थोडे उशिरा आले तरी चालतात.

लिनक्स वापरणाऱ्यांनी व्हर्च्युअल मशीनच्या वाटेला जाऊच नये. सीव्हीएमएफएस थेट बसवून थिअरी आणि ॲटलासची कामे कंटेनरमध्ये, म्हणजे संपूर्ण आभासी संगणकाऐवजी कामापुरत्या वेगळ्या कप्प्यात, चालवता येतात आणि रॅमही वाचते. विंडोजवाल्यांना मशीनच्या आतला पडदा पाहायचा असेल, तर व्हर्च्युअल बॉक्सचा एक्स्टेन्शन पॅक लागतो. मूळ प्रोग्राम मुक्त परवान्याखाली असला, तरी हा पॅक वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरापुरताच विनामूल्य आहे, म्हणून कार्यालयातील संगणकांवर तो परवाना घेतल्याशिवाय बसवू नये. प्रकल्प सोडायचा झाल्यास आधी नवी कामे घेणे थांबवावे आणि हाती असलेली संपू द्यावीत. अन्यथा व्हर्च्युअल बॉक्सच्या यादीत अर्धवट मशीन आणि त्यांच्या डिस्क-प्रतिमा उरू शकतात, ज्या मग हाताने काढाव्या लागतात.