पान माझं, नाव माझं, पैसे गेले ४,८६,७५०

लिहू की नको, यात तीन आठवडे गेले. कंपनीचं इंट्रानेट, म्हणजे फक्त कर्मचाऱ्यांना उघडणारी आतली वेबसाइट, सांभाळणारी मी. 'अनोळखी लिंकवर क्लिक करू नका' ही पट्टी मुखपृष्ठावर लावणारी मीच आणि क्लिक करणारीही मीच. माझ्यामागे ऑफिसात काय बोललं जातं ते मला ठाऊक आहे. पण 'इंट्रानेट तुम्हीच बघा हो' म्हणून गळ्यात पडलेलं काम निमूटपणे ओढणारे माझ्यासारखे बरेच असतील. त्यांच्यासाठी लिहितेय. थोडं राग काढायलाही.

आकडे आधीच सांगते, म्हणजे कुजबुज नको. तीन पेमेंट गेली: १,८४,२००, २,३७,६५० आणि ६४,९००. एकूण ४ लाख ८६ हजार ७५० रुपये. पैसे कंपनीचे. माझा ४२,००० चा इन्सेंटिव्ह 'चौकशी पूर्ण होईपर्यंत' अडकवून ठेवलाय, तो वेगळा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या इंट्रानेटचा पार उकिरडा झाला होता. १,१४० पानं. रजेच्या नियमांची चार पानं, चारही वेगळी, आणि सर्चमध्ये सगळ्यात जुनं सगळ्यात वर. निम्म्या पानांचे मालक नोकरी सोडून गेलेले. मी शिस्त लावली. प्रत्येक पानाला एक जिवंत मालक. दर सहा महिन्यांनी फेरतपासणी. मुदतीआधी ३० दिवस, ७ दिवस आणि १ दिवस अशी तीन स्मरणपत्रं, प्रत्येकात एक निळं बटण: 'पान तपासलं'. बटण दाबलं नाही तर पान आपोआप वापरातून निघून संग्रहात. दीड वर्षात १,१४० ची ३९० पानं झाली. लोक मला वैतागले, पण सर्च केलं की हवं ते सापडायला लागलं.

ऑफिसात कुणी पाठ थोपटली नाही. मग एका व्यावसायिक मेळाव्यात 'तुमचा अनुभव सांगा' म्हणून बोलावणं आलं तेव्हा मी हरखून गेले. २४ स्लाइड केल्या, नंतर नेटवरही टाकल्या. त्यातल्या सतराव्या स्लाइडवर स्मरणपत्राचा स्क्रीनशॉट होता. पूर्ण. विषयाची ओळ, मांडणी, निळं बटण, तळाशी माझं नाव, आणि माझ्याकडच्या पानांच्या यादीत चौथं पान: 'पुरवठादार बँक तपशील'. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. आपल्या सिस्टिमचे स्क्रीनशॉट बाहेर टाकू नका. लोगो पुसून टाकला तरी नका टाकू.

मेल आला मंगळवारी संध्याकाळी ६.२० ला. 'आपल्या नावावरील ११ पानांची फेरतपासणीची मुदत आज संपत आहे. रात्री १२ नंतर ही पानं संग्रहात जातील.' भाषा माझी. 'कृपया' कुठे घालायचं तेसुद्धा माझं. त्या आठवड्यात खरोखरच ४७ पानांची साफसफाई चालू होती, त्यामुळे अकरा राहिली असतील असं वाटणं काही वेडेपणाचं नव्हतं. हे मी चौकशी समितीलाही सांगितलं आणि इथेही सांगते.

पण ३० दिवसांचं स्मरणपत्र आलं नव्हतं. ७ दिवसांचंही नाही. एकदम शेवटचा दिवस? तो नियम मी लिहिला होता आणि मलाच तो आठवला नाही.

आणि त्याहून वाईट पुढे आहे. बटण दाबलं तर लॉगिनचं पान आलं. आमच्या कंपनीचं, मागे तेच चित्र. पासवर्ड मागितला. शेजारच्या टॅबमध्ये इंट्रानेट उघडंच होतं. सकाळी एकदा लॉगिन केलं की दिवसभर पुन्हा पासवर्ड विचारत नाही. ही सोय मीच आयटीशी चार महिने भांडून आणलेली. घरात बसलेल्या माणसाला कुणी दाराची किल्ली मागतं का? मला मागितली आणि मी दिली. मग फोनवर कोड आला, तोही टाकला. सगळं झाल्यावर समोर आमचंच खरं मुखपृष्ठ उघडलं, म्हणून शंकाच आली नाही. पत्त्याच्या पट्टीत कंपनीच्या नावापुढे एक आडवी रेघ आणि एक जादा शब्द होता. हिस्ट्रीत तो अजून आहे. मी रोज एकदा बघते, का ते विचारू नका.

'अहो, पण कोड असताना कसं काय?' हे मला किमान वीस जणांनी विचारलं. असं: ते पान मधल्यामध्ये उभं असतं. तुमचा पासवर्ड आणि कोड खऱ्या पानाला पोचवतं आणि खऱ्या पानाकडून मिळालेला चालू सेशनचा पास, म्हणजे 'या माणसाचं लॉगिन झालंय' ही खूण, स्वतः ठेवून घेतं. यावर पासकी (पासवर्डऐवजी फोन किंवा कॉम्प्युटरमध्ये राहणारी लॉगिनची किल्ली) किंवा हार्डवेअर किल्ली (त्याच कामाचं छोटं वेगळं उपकरण) हा खात्रीचा इलाज, कारण ती खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असते, नकली पत्त्यावर चालतच नाही. अॅडमिनचे, म्हणजे सगळं बदलता येण्याचे, हक्क असलेल्यांना तरी ती द्या म्हणून मी आधीच्या वर्षी लेखी मागितलं होतं. उत्तर आलं, 'पुढच्या बजेटमध्ये बघू.' तो मेल मी जपून ठेवलाय.

नऊ दिवस चोरांनी काहीच केलं नाही. नुसतं वाचत बसले असणार. दहाव्या रात्री २.१३ ला 'पुरवठादार बँक तपशील' हे पान बदललं गेलं. आवृत्ती ४१ ची ४२ झाली. तीन पुरवठादारांचे खाते क्रमांक बदलले, बाकी स्वल्पविरामही हलला नाही. बदल करणारी व्यक्ती: माझं नाव, माझा फोटो.

आमचं इंट्रानेट मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटवर आहे. त्या पानावर मी सूचना लावून ठेवली होती, पण त्यात निवडलेला पर्याय होता 'दुसऱ्या कुणी बदल केला तर कळवा'. दुसरं कुणी नव्हतंच ना! मीच होते. बाकी सगळ्यांच्या बदलाला मंजुरी लागते, पण मालक मी, मंजुरी देणारीही मी. प्रत्येक स्वल्पविरामासाठी कुणाच्या मागे लागायचं म्हणून मी स्वतःला त्यातून वगळलं होतं. तुमच्याकडेही ज्याच्या हातात सगळ्या चाव्या आहेत त्याच्या बदलांवर नजर ठेवणारं कुणीच नसणार. आजच बघा. आणि रोजच्या कामाचं खातं वेगळं, अॅडमिनचं वेगळं ठेवा. मी दोन्ही एकाच खात्यावर करत होते, कारण सारखं बाहेर पड, आत ये याचा कंटाळा.

मुळात खाते क्रमांक इंट्रानेटवर हवेत कशाला, हा प्रश्न समितीने मला विचारला. बरोबर आहे, नकोतच. ते हिशेबाच्या सिस्टिममध्ये हवेत, दोघांच्या मंजुरीनिशी. पण त्या सिस्टिममध्ये शोधायला वेळ लागतो म्हणून अकाउंट्स आणि खरेदीवाल्यांनीच माझ्याकडे पान मागितलं होतं. मी 'नको' म्हटलं असतं तर 'इंट्रानेट काही कामाचं नाही' हे ऐकायला तयारच होते. नक्कल कितीही नेटकी असली तरी नक्कलच. लोक मात्र तिलाच मूळ प्रत समजायला लागतात, आणि पान जितकं नीटनेटकं तितका विश्वास जास्त. उकिरडा होता तेव्हा प्रत्येक जण फोन करून खात्री करायचा, हे लिहिताना हात जड होतो.

आता तो क्षण. गुरुवारी ५.४० ला अकाउंट्समधली मुलगी माझ्या टेबलापाशी आली. बॅग खांद्यावर, बस गाठायची घाई. म्हणाली, 'मॅडम, पुरवठादारांचं पान तुम्ही बदललंत का? एक नंबर वेगळा वाटतोय, खाली नाव तुमचंच आहे.'

मी स्क्रीनवरून नजरही न उचलता म्हटलं, 'हो अगं, परवापासून बरीच पानं अपडेट करतेय. तिथं आहे तेच धर.'

तिने विचारलं होतं! तिने तिचं काम चोख केलं होतं. आवृत्त्यांचा इतिहास उघडून ४१ आणि ४२ शेजारी ठेवायला वीस सेकंद लागतात, मी पुढे कितीतरी वेळा ठेवून पाहिल्या. दुसऱ्या दिवशी तिन्ही पेमेंट गेली. तिला मेमो मिळू नये म्हणून मी समितीपुढे हे वाक्य शब्दशः सांगितलं. तरीही तिला मिळालाच.

सोळा दिवसांनी एका पुरवठादाराचा फोन आला की पैसे कुठायत. तिथून पुढे माझा खरा छळ सुरू झाला.

आयटीकडे तिकीट टाकायला गेले तर यादीत 'इंट्रानेट' हा प्रकारच नाही. 'इतर' मध्ये टाकलं. दोन तासांत तिकीट बंद: 'पासवर्ड बदला.' पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. पासवर्ड बदलून काय होणार होतं? चोराने माझ्या खात्याला कोडसाठी स्वतःचा फोन जोडून ठेवला होता. वर मेलबॉक्समध्ये एक नियम लावला होता: ज्या मेलमध्ये 'खाते क्रमांक' हे शब्द असतील तो न वाचताच एका आडबाजूच्या फोल्डरमध्ये. त्यात पुरवठादाराचे दोन मेल मला सापडले, आठ दिवसांपूर्वीचे. हे सगळं मी शोधलं, आयटीने नाही. असं काही झालं तर आधी सगळी चालू सेशन्स रद्द करायला लावा, जोडलेले फोन तपासा, मेलचे नियम तपासा, पासवर्ड त्यानंतर.

लॉगिनच्या नोंदी मागितल्या तर कळलं, आमच्या प्लॅनमध्ये त्या ७ दिवसच राहतात. संपल्या. ऑडिट लॉग, म्हणजे कुणी काय केलं याची नोंद, १८० दिवस राहतो म्हणून त्यातून रात्री २.१३ चा आयपी पत्ता (बदल ज्या नेट-जोडणीवरून झाला तिचा क्रमांक) निघाला, नाहीतर मी चोर ठरायला काहीच कमी नव्हतं. आपल्याकडे कुठली नोंद किती दिवस टिकते हे मला माहीत नव्हतं. इंट्रानेट सांभाळणारीला! पण मला ते कधी कुणी सांगितलं होतं का?

बँकेत गेलो. 'तुम्हीच दिलेल्या क्रमांकावर पैसे गेलेत, आमची चूक कुठाय?' एक अर्ज, मग त्याचा दुसरा नमुना, मग कंपनीच्या शिक्क्याचं पत्र, मग ते पत्र चुकीच्या व्यक्तीच्या सहीचं. ६४,९०० पुढच्या खात्यात अजून पडून होते, ते गोठवले. ते परत मिळायला न्यायालयाचा आदेश लागतो म्हणे. बाकीचे ४,२१,८५० तेव्हाच पुढे सरकले होते. पहिल्याच दिवशी पुरवठादाराला फोन केला असता तर कदाचित सगळेच अडले असते.

सायबर पोलिसांकडे चार फेऱ्या झाल्या. पहिल्या साहेबांनी विचारलं, 'इंट्रानेट म्हणजे वेबसाइटच ना? लिंक पाठवा, आम्ही बघतो.' मी म्हटलं, साहेब, ती बाहेरून उघडत नाही, म्हणून तर तिला इंट्रानेट म्हणतात. 'मग प्रिंट आणा.' प्रिंट नेली. दुसऱ्या साहेबांनी प्रिंटवर बोट ठेवून म्हटलं, 'मॅडम, इथे तर तुमचंच नाव आहे. तक्रार कुणाविरुद्ध लिहायची?' तिसऱ्या फेरीला पहिले साहेब रजेवर. चौथ्या फेरीला तक्रार नोंदवली, त्यात 'इंटरनेट' लिहिलंय. दुरुस्ती करायची तर नवीन अर्ज. राहू दे म्हटलं.

आणि आमची ती समिती! तीन जण, पैकी दोघं इंट्रानेटच्या कारभार समितीचेही सदस्य. कागदावर ही कारभार समिती दर तिमाहीला बसते. शेवटची बैठक अकरा महिन्यांपूर्वी झाली, हजर एकटी मी आणि चहा घेऊन आलेला मुलगा. याच दोघांनी मला विचारलं, 'या पानाची जबाबदारी ठरलेली होती का?' मी म्हटलं, होती ना. धोरणात लिहिलंय की आर्थिक माहितीचा मालक अर्थ विभागाचा प्रमुख असेल. त्या धोरणावर सही तुमची आहे. साहेबांना वेळ नाही म्हणून पान माझ्या नावावर आलं आणि तसंच राहिलं. हे बोलल्यावर खोलीत कुणी माझ्याकडे बघेना. अहवालात मात्र 'मानवी चूक' एवढंच आलं.

नियम लावणाऱ्याने स्मरणपत्रात बटण ठेवू नये, एवढं मी आता करून टाकलंय. मेलमध्ये फक्त पानाचं नाव येतं, माणसाने स्वतः इंट्रानेट उघडून जायचं. लोक कुरकुरतात की दोन क्लिक वाढले. वाढू देत. मीच त्यांना दीड वर्ष निळं बटण बघताक्षणी दाबायची सवय लावली होती.

'पुरवठादार बँक तपशील' वरचे क्रमांक काढले आहेत, तिथे आता एकच ओळ आहे: हिशेबाच्या सिस्टिममध्ये पाहा. परवा त्या पानाचं ३० दिवसांचं स्मरणपत्र आलं, खरं. मालकाच्या रकान्यात अजून माझंच नाव. ते बदलायची विनंती मी दोन महिन्यांपूर्वी टाकलीय, अर्थ विभागाच्या मंजुरीसाठी थांबली आहे.