१३:०:४५ नं कागदावर आग चालवताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

ठिबकमधून मोसंबीला, डाळिंबाला सोडतात ते १३:०:४५ खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आपला सोरा. त्याच्या पाण्यानं कागदावर चित्र काढायचं, वाळवायचं आणि एका टोकाला अगरबत्तीचा निखारा टेकवायचा. भडका न होता आग फक्त त्या रेघेवरून धुमसत जाते, बाकीचा कागद कोरा राहतो. वोल्फगांग पालेन या चित्रकारानं १९३० च्या दशकात मेणबत्तीच्या धुरानं चित्रं केली. छटांसाठी ती पद्धत उत्तम, पण रेघ तिथं हाती लागत नाही. नेमकी रेघ हवी तर सोराच. बर्नर पेन (विजेवर तापणाऱ्या टोकाचा, जाळून रेघ काढायचा पेन) लाकडावर झकास चालतो, कागदावर मात्र हात जरा थबकला की भोक.

कृषी सेवा केंद्रात एक किलोचं पाकीट मिळतं, पण ग्रेड, म्हणजे पाकिटावरचे ते तीन आकडे, वाचून घ्या. १२:६१:० आणलंत तर पैसे वाया. ते अमोनियम फॉस्फेट, आग विझवायच्या पावडरीत तेच असतं. रेघ पेटायच्या ऐवजी नुसती काळवंडते. कॅल्शियम नायट्रेट हवेतलं पाणी ओढून ओलंच राहतं.

१०० मिली गरम पाण्यात ३० ग्रॅम, एवढं पुरे. परभणीकडं थंडी पडली की बाटलीच्या तळाशी सुयांसारखे खडे बसतात, कारण १० अंशांला तेवढ्या पाण्यात जेमतेम २१ ग्रॅम विरघळतं. वरचं पाणी तसंच वापरलं तर रेघ मध्येच मरते. बाटली गरम पाण्यात उभी करून हलवून घ्या. याउलट, एकाच रेघेवर दोन-तीन हात मारले की खडे पृष्ठभागावर जमतात, मग तडतड होते, ठिणग्या उडतात आणि कडा दातेरी निघते. एकच हात, भरपूर भिजलेल्या ब्रशनं. रेघ ३-४ मिलिमीटर तरी रुंद ठेवा, त्याहून बारीक रेघ वळणावर विझते.

सोऱ्यापेक्षा जास्त छळतो तो कागद. चकचकीत आर्ट पेपर नकोच, त्याच्यावरच्या मातीच्या थरात पाणी मुरत नाही. झेरॉक्सचा कागद जळतो बरा, पण आक्रसून वाकडा होतो. दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्याचा हातकागद आतापर्यंत सगळ्यात उजवा वाटला: जाड, जळल्यावर कडेला तपकिरी छटा सुरेख उतरते. फक्त खळ (पाणी मुरू न देणारा चिकटा) कमी-जास्त असते, म्हणून कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. मोत्यासारखा तसाच बसला तर खळ जास्त, टाकल्याबरोबर फुटून पसरला तर रेघही फुटणार. दहा-पंधरा सेकंदांत मुरणारा कागद घ्या.

वाळल्यावर रेघ दिसत नाही, त्यामुळं सुरुवातीची जागा पेन्सिलीनं टिंबून ठेवा. ब्रशचे उडालेले शिंतोडेही दिसत नाहीत, पण निखारा पोचला की प्रत्येकाचं भोक होतं. पेटवण्याआधी कागद उजेडाकडं तिरका धरा, खडे चमकतात. बंद आकार काढलात तर मधला तुकडा गळून पडतो. स्टेन्सिलसारखे पूल सोडा. उन्हाळ्यात आपल्याकडं सावलीत तासाभरात काम वाळतं. श्रावणात रात्रभर टांगूनही कागद दमट राहतो, तेव्हा हा उद्योग करूच नये.

पेटवताना कागद ताटात सपाट ठेवू नका, धातू उष्णता ओढतो आणि निखारा विझतो. कागदाच्या चार कोपऱ्यांखाली विटा, मधे खाली वाळूचा ट्रे. पंखा बंद, खिडकी उघडी, शेजारी पाण्याचा स्प्रे. काडी लावायची नाही, तिच्या ज्योतीनं अख्खा कागद पेटतो.

हातकागदाचा एक दोष मात्र धोक्याचा आहे. वरून रेघ संपलेली दिसते, पण निखारा जाडीच्या आत रेंगाळतो आणि वारा लागला की पुन्हा धरतो. संपल्यावर ओलसर सुती फडकं कडांवर दाबा, पाव तास नजर ठेवा, त्याच दिवशी फाइलमध्ये घालू नका.

कडेची काजळी मऊ ब्रशनं झटकून लांबून फिक्सेटिव्हचे (काजळी धरून ठेवणाऱ्या स्प्रेचे) दोन हलके फवारे द्या. मागं गडद कागद लावायचा तर फेव्हिकॉलचे ठिपकेच द्या, पूर्ण थर दिला तर जळकी कड भिजून काळं पसरतं. एका किलोत तीन लिटरच्या वर सोऱ्याचं पाणी तयार होतं, म्हणजे दोघा-तिघांत एक पाकीट पुरतं. उरलेलं घट्ट बंद करून ठेवा, पण तेल, गंधक, कोळसा यांच्या जवळ अजिबात नको.