नागपूर विमानतळावर ओटीपी न विचारणाऱ्या गाडीत बसू नका

मागच्या महिन्यात रात्री उशिराच्या विमानाने सासूबाईंना घेऊन मी नागपूरला उतरले आणि सोनेगावच्या विमानतळापासून धरमपेठेतील घरापर्यंत येण्यासाठी माझे 3,010 रुपये गेले. मेट्रो बंद झालेली होती. ती चालू असती तरी विमानतळाचे मेट्रो स्थानक वर्धा मार्गावर आहे आणि गुडघेदुखीने बेजार असलेल्या 76 वर्षांच्या बाईंना सामानासह तिथवर नेणे शक्य नव्हते. म्हणून मी ॲपवर गाडी ठरवली. भाडे 312 रुपये दिसत होते.

घरच्यांशी फोनवर बोलत असतानाच एक माणूस जवळ आला. “ताई, धरमपेठ ना? ॲपचीच गाडी आहे, चला,” असे म्हणून त्याने बॅगा उचलल्यासुद्धा. पत्ता त्याने माझ्या बोलण्यातूनच ऐकला असणार, हे आज कळते. गाडीची नंबर प्लेट पांढरी होती. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या टॅक्सीची पिवळी असते, एवढे सर्वांना ठाऊक असते, पण सासूबाईंना सांभाळून आत बसवताना माझी नजर तिकडे वळली नाही.

खरी सल मात्र त्यानंतरची आहे. प्रवास सुरू करण्यापूर्वी ॲपच्या चालकाने विचारायचे ओटीपीचे चार आकडे माझ्या मोबाइलवर समोर दिसत होते आणि त्याने ते विचारलेच नाहीत. इतकेच नव्हे, तर गाडी फाटकाबाहेर पडताच अनोळखी क्रमांकावरून फोन आला, तेव्हा “कंपनीचा असतो, उचलू नका,” असे तो म्हणाला. तो खऱ्या चालकाचा फोन होता! तो क्षण आठवला की आजही संताप अनावर होतो.

घरापाशी त्याने रात्रीचे भाडे, पार्किंग आणि सामान धरून 1,480 रुपये मागितले. सामान डिकीत अडकलेले, ती उघडायला तो तयार नाही, आणि सासूबाई रस्त्यावर उभ्या. मी क्यूआर कोडवर पैसे भरले. माझ्याकडे व्यवहार यशस्वी दिसत असूनही “आलेच नाहीत, बँकेचा सर्व्हर बंद आहे, तुमचे सकाळी परत येतील,” म्हणत त्याने दुसऱ्या कोडवर पुन्हा 1,480 रुपये घेतले. वर खरी गाडी रद्द झाल्याचे 50 रुपये कापले गेले, ते वेगळेच.

पोलीस ठाण्यात मला सांगण्यात आले की पैसे तुम्ही स्वखुशीने दिले आहेत, आणि घटना आमच्या हद्दीत सुरू झालेली नाही. दुसऱ्या ठाण्याने पहिल्याकडे बोट दाखवले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता नोंदवून घ्यावी लागते आणि फसवून पैसे उकळणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली गुन्हा आहे, हे नागरिकाने पोलिसांना समजावून सांगायचे काय? डिकीत सामान कोंडून घेतलेले पैसे स्वखुशीचे कसे? ॲपच्या कंपनीने तर “या प्रवासाची नोंद नाही” एवढ्यावर हात झटकले.

पैसे गेल्याचे लक्षात येताच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा, सकाळची वाट पाहू नका. गाडीत बसण्यापूर्वी नंबर प्लेटचा फोटो घरी पाठवा. सामान उतरल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि अडवणूक झाली तर तिथूनच 112 लावा. पोलिसांकडे तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. माझ्या हातात आज तेवढी पोचच आहे.