वाहू किकर कोअर: मागचं चाक काढून बसवायचा ट्रेनर

ट्रेनर म्हणजे सायकल घरात जागच्या जागी चालवायचं उपकरण. टायरवर चालणाऱ्या ट्रेनरच्या बहुतेक तक्रारी टायर आणि ट्रेनरचा रोलर टेकतात तिथूनच सुरू होतात. रोलर सैल राहिला की जोर लावताच टायर घसरतो, फार आवळला की रबर झिजून काळी पूड पडते, आणि टायर तापला की वॉटचे, म्हणजे पायाच्या ताकदीचे, आकडे सरकतात. किकर कोअरमध्ये मागचं चाकच काढायचं असतं. चेन थेट ट्रेनरवरच्या कॅसेटवर (मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांवर) चढते, म्हणून ही कटकट मुळातच संपते. वॉट मोजण्याची अचूकता ±2 टक्के, कमाल रोध 1800 वॉट, चढाचा भास 16 टक्क्यांपर्यंत. फ्लायव्हील (वेग टिकवणारं जड चाक) 5.4 किलोचं आहे, त्यामुळे पेडल सर्वांत वर आणि खाली असताना झटका बसत नाही. या किमतीच्या वर्गात मला हाच गुण सर्वांत मोलाचा वाटतो.

खरी गडबड होते ती जोडणीत. खोक्यात कॅसेट आहे का ते आधी पाहा. नसेल तर सायकलच्या मागच्या चाकावर जितके गिअर, तितक्याच गिअरची घ्या. 11 गिअरच्या फ्रीहबवर (कॅसेट ज्यावर बसते त्या भागावर) 8 किंवा 9 गिअरची कॅसेट बसवताना मागे 1.8 मिमीचा स्पेसर, म्हणजे जागा भरणारी कडी, हवाच. तो राहिला तर लॉकरिंग (कॅसेट आवळून धरणारी कडी) पूर्ण आवळूनही कॅसेट डुगडुगते आणि गिअर नीट पडत नाहीत. लॉकरिंग 40 न्यूटन-मीटरला आवळा. डिस्क ब्रेक असेल तर चाक निघालेलं असताना मागचा ब्रेक चुकूनही दाबू नका. पॅड एकमेकांना चिकटतात. कॅलिपरमध्ये (पॅड बसतात त्या भागात) प्लास्टिकचा ठोकळा घालून ठेवा.

अर्ग मोडमध्ये वॉट ठरलेले असतात आणि ते टिकवायला ट्रेनर स्वतःच रोध बदलतो. पाय मंदावले की ट्रेनर रोध वाढवतो, मग पाय आणखी मंदावतात आणि शेवटी पेडल थांबतं. अशा वेळी झगडू नका. काही सेकंद थांबा, पेडलचा वेग मिनिटाला 85-90 वर आणा आणि मगच भार घ्या. पुढची लहान चकती वापरली तर फ्लायव्हील हळू फिरतं, आवाजही कमी होतो. उरतो तो मुख्यतः चेनचा आवाज, म्हणून चेन स्वच्छ ठेवा. खालच्या मजल्यावर जाते ती थरथर. त्यासाठी जाड रबरी मॅट लागते.

अधूनमधूनच चालवणार असाल तर इतका खर्च करू नका, टायरवरचा फ्लुइड ट्रेनर (आतल्या द्रवाने रोध देणारा) पुरतो. मात्र खडबडीत नक्षीचा टायर काढून गुळगुळीत लावा आणि दर वेळी हवा तपासा. ट्रेनर कोणताही असो, समोर मोठा पंखा हवा, कारण घरात वारा नसल्याने नाडी लवकर चढते. घाम हेडसेटच्या (हँडल फिरतं त्या सांध्याच्या) बोल्टवर आणि हँडल टेपखाली मुरून धातू खातो; सायकल उतरवण्याआधीच ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा.